वडिलांचा स्टेंट आणि परदेश प्रवासाचा आरोग्य विमा

वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचक भगिनींचे आई-वडील पहिल्यांदाच परदेशी निघाले आहेत. धाकट्या मुलाकडे अमेरिकेत सुमारे पाच महिने राहायचे आणि परतीच्या वाटेवर युरोपात बारा दिवस फिरायचे, असा बेत आहे. वडील ६९ वर्षांचे असून प्रवासातच त्यांना सत्तर पूर्ण होतील. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि एक स्टेंट बसवला गेला. मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे नियमित चालू आहेत. महिन्याभरापूर्वी रक्तदाबाच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी किंचित वाढवला आहे. आईला थायरॉइडच्या गोळीपलीकडे काही नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक, म्हणजे शेंगेन व्हिसासाठी विमा लागतोच, तेव्हा तीच पॉलिसी सगळ्या प्रवासापुरती वाढवून घ्या, असे विमा एजंटने सुचवले आहे. ‘स्टेंटचे अर्जात लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल,’ असा सल्लाही त्याने वर दिला आहे. भावाचे म्हणणे असे की अमेरिकेत तातडीच्या रुग्णाला रुग्णालय कायद्याने परत पाठवू शकत नाही, आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर प्रवास विमा आहेच. वडिलांना तर हा सगळा खर्चच अनाठायी वाटतो. भगिनींनी विचारले आहे: पॉलिसी कोणत्या कंपनीची घ्यावी, किती रकमेची घ्यावी, आणि स्टेंटचे लिहावे की नाही?

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय कंपनी आणि रक्कम यांविषयी बोलण्यात फारसा अर्थ नाही. स्टेंटचे लिहावे. मधुमेह, रक्तदाब, वाढवलेला डोस, सगळे लिहावे; आणि अर्ज एजंटने भरून दिला असेल तर सही करण्यापूर्वी तो वडिलांसमोर बसून ओळीनओळ वाचावा. हे मी सचोटीचा धडा म्हणून सांगत नाही, निव्वळ व्यवहार म्हणून सांगते आहे.

समजा, तिकडे एका रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि भावाने त्यांना रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात नेले. तिथली परिचारिका पहिल्या काही मिनिटांतच ठरलेले प्रश्न विचारते: कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का. त्या क्षणी वडील किंवा भाऊ खरे तेच सांगतील, आणि त्यांनी ते सांगायलाच हवे. कारण स्टेंट असलेला रुग्ण बहुधा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतो, आणि हे डॉक्टरांना ठाऊक नसताना केलेला उपचार जिवावर बेतू शकतो. ते उत्तर पूर्वेतिहासाच्या रकान्यात नोंदले जाते, पुढे डिस्चार्जच्या कागदावर उतरते, आणि क्लेमसोबत तोच कागद विमा कंपनीच्या टेबलावर जातो. समजा सांगितले नाही, तरी अँजिओग्राफीच्या चित्रात स्टेंट दिसल्यावाचून राहत नाही. म्हणजे अर्जात एक आणि रुग्णालयात दुसरे, असे दोन्हीकडे निभावून नेणे शक्यच नाही. शिवाय माहिती दडवल्याचे आढळले तर कंपनी केवळ हृदयाचाच खर्च नाकारून थांबेल असे नाही. ती मुळात पॉलिसीच रद्दबातल ठरवू शकते, आणि मग पाय घसरून हाड मोडल्याचा क्लेमही अडकतो. ‘लिहू नका’ म्हणणारा एजंट त्या वेळी तिथे नसतो. अर्जावर सही असते ती वडिलांची.

मात्र आजार जाहीर केला म्हणजे त्याला संरक्षण मिळाले, हा समज तितकाच घातक आहे, आणि माझ्या मते फसगत अधिक होते ती इथेच. जाहीर करणे ही पहिली पायरी. कंपनी त्या आजाराचे पुढे काय करते हे पॉलिसीच्या तपशीलवार मजकुरात लिहिलेले असते, माहितीपत्रकावर नसते. काही पॉलिसी पूर्वीपासून असलेला आजार आणि त्यातून उद्भवणारे सर्व काही सरळ वगळतात. वडिलांच्या बाबतीत याचा अर्थ हृदयविकार, पक्षाघात आणि साखरेशी निगडित बहुतेक गुंतागुंती बाहेर, म्हणजे ज्याची भीती आहे नेमके तेच बाहेर. दुसऱ्या काही पॉलिसी अशा आजारात फक्त जीव धोक्यात असतानाचा उपचार देतात आणि प्रकृती स्थिर झाली की हात काढून घेतात. त्यानंतरच्या तपासण्या, दुसरी शस्त्रक्रिया किंवा पुनर्वसन यांचा खर्च तुमच्यावर येतो. तिसरा प्रकार अमेरिकेत येणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसींत वारंवार दिसतो: जुना आजार पूर्वसूचना न देता अचानक उसळला, आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा चोवीस तासांत, उपचार सुरू झाले, तरच खर्च मिळतो. दोन दिवस दम लागत होता, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, असे कागदावर आले की ते ‘अचानक’ उरत नाही. तेव्हा अशी पॉलिसी घेतलीत तर आई-वडिलांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगून ठेवावी लागेल, की मुलाला त्रास नको म्हणून दुखणे अंगावर काढायचे नाही. ज्येष्ठ मंडळी हे हमखास करतात, आणि अशा कलमाखाली त्या भिडेचीच किंमत मोजावी लागते.

आता त्या वाढवलेल्या डोसकडे वळू. तुम्ही पत्रात त्याचा ओझरता उल्लेख केला आहे, पण मला तो सगळ्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. पुष्कळ पॉलिसी जुन्या आजाराला संरक्षण देताना तो प्रवासापूर्वी ठरावीक काळ ‘स्थिर’ असावा अशी अट घालतात. हा काळ कुठे ९० दिवस, कुठे १८० दिवस, कुठे त्याहून अधिक असतो. स्थिर म्हणजे तब्येत बरी असणे नव्हे. त्या काळात नवे निदान नको, नवे लक्षण नको, रुग्णालयात दाखल होणे नको, तपासणीचा निकाल प्रलंबित नको, आणि औषधात बदलही नको. काही ठिकाणी तर डोस कमी केला, म्हणजे रुग्ण सुधारला, तरी तो बदलच धरला जातो. डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ असलेली अर्धी गोळी विम्याच्या भाषेत आजार अस्थिर असल्याचा पुरावा ठरू शकते. म्हणून डोस कोणत्या तारखेला बदलला आणि त्यानंतर रक्तदाब कसा आहे, याचे दोन ओळींचे पत्र डॉक्टरांकडून आताच घ्या. पॉलिसीतली मुदत ९० दिवसांची असेल आणि प्रयाण दीड महिन्यावर असेल, तर प्रवास थोडा पुढे ढकलणे हाही एक खराखुरा पर्याय आहे. तो कुणाला आवडणार नाही हे मला कळते. पण तारीख बदलण्याचा भुर्दंड आणि हृदयविकाराचा संपूर्ण खर्च अंगावर येण्याची शक्यता ही दोन्ही एका कागदावर मांडली, तर निर्णय भावनेपेक्षा हिशेबाने होईल. प्रयाणाआधी पुन्हा औषध बदलले, तर कंपनीला लेखी कळवायचे, हेही विसरू नका. अर्ज भरल्यानंतरचे पण प्रवासापूर्वीचे बदल कळवण्याची जबाबदारी बहुधा प्रवाशावरच असते.

सत्तरीचेही असेच आहे. पाहुण्यांसाठीच्या अनेक पॉलिसींत सत्तर वर्षे हा उंबरठा असतो: त्यापुढे विम्याची कमाल रक्कम घटते, प्रीमियम चढतो, आणि जुन्या आजाराच्या अचानक उद्रेकाचे संरक्षण काही ठिकाणी पूर्ण थांबते. वडील हा उंबरठा प्रवासातच ओलांडणार आहेत. त्यामुळे वय पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशीचे धरणार की आजार उद्भवेल त्या दिवशीचे, हे कंपनीला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. फोनवर मिळालेले ‘काही अडचण नाही’ क्लेमच्या वेळी कुठेही दाखवता येत नाही.

रकमेच्या प्रश्नामागे तुमचे एक गृहीतक आहे: रक्कम मोठी म्हणजे पॉलिसी चांगली. पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आकडा कमाल मर्यादा सांगतो. प्रत्यक्ष हातात काय पडेल ते आतल्या मर्यादा ठरवतात. ढोबळमानाने दोन घडणीच्या पॉलिसी असतात. एकीत प्रत्येक बाबीचा दर ठरलेला असतो: खाटेसाठी दिवसाला इतके, शल्यविशारदाला इतके, तपासण्यांना इतके. दुसरीत बिलातली सुरुवातीची ठरावीक रक्कम, म्हणजे वजावट (डिडक्टिबल), तुम्ही सोसायची आणि उरलेल्या बिलाचा मोठा हिस्सा किंवा सगळे बिल कंपनीने द्यायचे. आकडे काल्पनिक घेते, पण हिशेब खरा आहे. चार दिवस रुग्णालयात काढल्यावर ६०,००० डॉलरचे बिल आले असे समजा. ठरीव दराच्या पॉलिसीत खाटेला दिवसाला १,५०० म्हणजे ६,०००, शस्त्रक्रियेला ५,००० आणि तपासण्यांना १,००० अशी तरतूद असेल, तर मिळतील जेमतेम १२,०००. मग पहिल्या पानावर अडीच लाखांचा आकडा छापलेला असो वा पाच लाखांचा. दुसऱ्या घडणीच्या पॉलिसीत वजावट १,००० डॉलर, त्यापुढच्या ५,००० चा वीस टक्के भाग तुमचा आणि नंतरचे सगळे कंपनीचे, अशी रचना असेल, तर तुमच्या खिशातून २,००० जातील आणि ५८,००० कंपनी देईल, जरी कमाल रक्कम केवळ एक लाख असली तरी. अर्थात जुन्या आजाराचे कलम इथेही पार करावे लागतेच, आणि बिलातले दर त्या भागात रूढ असलेल्या दरांच्या पलीकडे असतील तर वरचा भाग कंपनी नाकारू शकते. रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमधले, म्हणजे तिच्याशी करार असलेले, असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो. काही कंपन्यांनी साठीपुढच्या प्रवाशांसाठी या आतल्या मर्यादा आणखी आवळलेल्या असतात. तेव्हा साठीपुढच्यांचा तक्ता वेगळा आहे का, हे विचारल्याशिवाय प्रीमियमची तुलना करू नका.

माझे मत विचाराल, तर अमेरिकेतल्या पाच महिन्यांसाठी वडिलांना दुसऱ्या घडणीची, जुन्या आजाराच्या आणीबाणीला स्पष्ट शब्दांत संरक्षण देणारी पॉलिसी घ्यावी, आणि रक्कम एक लाख डॉलरच्या खाली नसावी. प्रीमियम झेपत नसेल तर कमाल रक्कम कमी करण्यापेक्षा वजावट वाढवावी. हजार-दोन हजार डॉलरचा फटका भाऊ सोसू शकेल. विमा घ्यायचा तो न झेपणाऱ्या खर्चासाठी, सर्दी-खोकल्यासाठी नव्हे. वजावट संपूर्ण मुदतीत एकदाच लागते की प्रत्येक आजाराला वेगळी लागते, एवढे तेवढे पाहून घ्या.

कंपनीचे नाव मी सांगणार नाही, आणि ते टाळाटाळ म्हणून नव्हे. एकाच कंपनीच्या दोन पॉलिसींत जुन्या आजाराचे कलम परस्परविरुद्ध असू शकते, त्यामुळे नावावरून केलेली निवड इथे उपयोगाची नाही.

एजंटने सुचवलेल्या शेंगेन पॉलिसीकडे येऊ. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार शेंगेन व्हिसासाठीचा विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात वैध, मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातील आपत्कालीन उपचार, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवणे व मृत्यू यांचा खर्च देणारा असावा लागतो. या अटी व्हिसा अधिकाऱ्याच्या समाधानासाठी आहेत. जुन्या आजाराला संरक्षण असलेच पाहिजे असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही, म्हणून स्टेंट पूर्ण वगळणारी पॉलिसीही व्हिसासाठी निर्धोक चालते. शिवाय बारा दिवसांच्या सहलीला बेतलेली ३०,००० युरोची रक्कम अमेरिकेत अतिदक्षता विभागाच्या चार-पाच दिवसांतच संपू शकते, आणि कित्येक पॉलिसींच्या प्रादेशिक व्याप्तीत ‘अमेरिका व कॅनडा वगळून जग’ असे लिहिलेले असते. व्हिसासाठी घेतलेला विमा आणि माणसासाठी घेतलेला विमा यांची गल्लत करू नका. युरोपापुरती स्वतंत्र, अल्प मुदतीची पॉलिसी घेणे तुमच्या बाबतीत अधिक सुटसुटीत आणि कदाचित अधिक स्वस्तही पडेल. फक्त तिथेही वडिलांसाठी जुन्या आजाराचे कलम तपासा.

तुमच्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेत १९८६ च्या ‘इमर्जन्सी मेडिकल ट्रीटमेंट अँड लेबर ॲक्ट’नुसार, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत सहभागी असलेल्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या रुग्णालयांना तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, त्याची पैसे देण्याची ऐपत असो वा नसो. पण कायदा उपचार नाकारू नका म्हणतो, बिल लावू नका म्हणत नाही. बिल नंतर घरी येते, आणि रुग्णालयाचे, डॉक्टरांचे, प्रयोगशाळेचे, रुग्णवाहिकेचे असे वेगवेगळे येते. मुख्यतः ज्येष्ठांसाठीची ही मेडिकेअर योजना पर्यटक व्हिसावर आलेल्यांना लागू होत नाही. दाखल करताना पुढे केल्या जाणाऱ्या कागदांत बिलाची जबाबदारी स्वीकारणारा एक कागद असतो. त्यावर घाईगडबडीत हमीदार म्हणून सही केली तर भाऊ स्वतः देणेकरी होतो, हे त्याला आताच सांगून ठेवा. आणि वेळ आलीच, तर ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून त्याचा अर्ज मागावा. मात्र ते मिळेलच असे धरून प्रवासाला निघू नये.

क्रेडिट कार्डाचा विमा कार्डधारकाच्या नावाचा असतो. तिकिटे त्याच कार्डावर काढली आहेत का, आई-वडील त्यात येतात का, किती दिवसांच्या प्रवासाला तो चालतो, वयाची अट काय, आणि त्यात आजारपण आहे की केवळ अपघात, एवढे प्रश्न भावाने कार्ड कंपनीला विचारावेत. पाच महिन्यांचा मुक्काम आणि ६९ वर्षांचा हृदयरुग्ण या दोन गोष्टी त्यात बसण्याची शक्यता मला फार कमी वाटते. घरची नेहमीची आरोग्य पॉलिसीही अशीच तपासून पाहा. बहुतेक पॉलिसींत परदेशातले उपचार येत नाहीत.

पॉलिसी घेतल्यानंतरचा भाग लोक फार हलक्यात घेतात. परदेशात तुमचा संबंध प्रत्यक्षात विमा कंपनीशी येत नाही, तिने नेमलेल्या साहाय्य संस्थेशी येतो. तिचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून वडिलांच्या पाकिटात, आईच्या पर्समध्ये आणि भावाच्या फ्रिजवर असू द्या. फक्त फोनमध्ये ठेवून भागत नाही. चार्जिंग नेमके अशाच वेळी संपते. दाखल झाल्यावर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवण्याची अट असते, आणि नियोजित शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. ती न घेतल्यास देय रक्कम कापली जाते. ‘कॅशलेस’ हा शब्द पाहून निर्धास्त होऊ नका. रुग्णालय ते मान्य करील तरच कॅशलेस; न केल्यास आधी पैसे भरून नंतर मागावे लागतात. तशी वेळ आली तर बाबवार बिल, डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या पावत्या आणि त्या देशात प्रवेश केल्याच्या तारखेचा पुरावा, यांतले काहीही हरवू देऊ नका.

कुठे जायचे हेही आधी ठरवून ठेवावे. ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यांसाठी अमेरिकेत ‘अर्जंट केअर’ केंद्रे असतात आणि तिथला खर्च इमर्जन्सी विभागाच्या तुलनेत बराच कमी येतो. काही पॉलिसी इमर्जन्सी विभागात जाऊन दाखल न होता परत आलेल्या रुग्णाला अतिरिक्त वजावटही लावतात. पण छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांत असा विचार करण्यात वेळ घालवायचा नाही; सरळ ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा.

मुदतीचाही एक सापळा आहे. मुक्काम लांबला तर पॉलिसी वाढवता येते, पण अर्ज ती संपण्यापूर्वी करावा लागतो, आणि पहिल्या मुदतीत उद्भवलेला आजार वाढीव मुदतीत ‘जुना आजार’ ठरून बाहेर जाऊ शकतो. म्हणून आज पाच महिन्यांचा बेत असेल तर पॉलिसी साडेपाच महिन्यांची घ्या. त्याचप्रमाणे, मायदेशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवास पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्याव्या लागतात. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसी तिथे पोहोचल्यावरही मिळतात, मात्र पोहोचून आजारी पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या आजाराला उपयोगी पडत नाही. तिथली पॉलिसी घेतल्यास रुग्णालयांना ती ओळखीची असते आणि बिलाचा व्यवहार सोपा जातो. इथली घेतल्यास तक्रार करायची वेळ आली तर दाद आपल्या देशात मागता येते. माझा कल, मुक्काम लांब आणि रुग्ण हृदयविकाराचा असेल तर, तिथल्या पॉलिसीकडे अधिक आहे, परंतु जुन्या आजाराचे कलम इथल्या पॉलिसीत अधिक स्वच्छ असेल तर तो कल मी बिनदिक्कत बदलीन.

विमा काय देणार नाही हेही वडिलांना आधीच कळायला हवे. नेहमीच्या तपासण्या, संपलेल्या गोळ्या, चष्मा, दाताची कवळी यांचे पैसे मिळत नाहीत. दातांचे बहुधा वेदना थांबवण्यापुरतेच मिळतात. म्हणून औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात आणि औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत न्यावीत. स्टेंटचे कार्ड, अँजिओप्लास्टीचा अहवाल आणि अलीकडचा ईसीजी सोबत असू द्या. नव्या डॉक्टरांना जुना ईसीजी तुलनेला मिळाला तर काही अनावश्यक तपासण्या टळू शकतात. ‘वैद्यकीय स्थलांतर’ या शब्दांचाही गैरसमज नको. त्याचा अर्थ योग्य उपचार मिळतील अशा नजीकच्या रुग्णालयात हलवणे असा असतो. विमानाने घरी आणणे नव्हे, आणि कधी, कुठे हलवायचे हे साहाय्य संस्थेचे डॉक्टर ठरवतात.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर तिथे चालणारा परवाना जवळ हवा. परवान्याविना झालेल्या अपघाताचा क्लेम सर्रास नाकारला जातो. मद्याच्या अमलाखाली झालेल्या दुखापतीचेही तेच. उंचावरचे ट्रेकिंग किंवा स्कूबा डायव्हिंग असेल तर पॉलिसीतली उंचीची आणि खोलीची मर्यादा पाहा. गर्भवतींनी किती आठवड्यांपर्यंत संरक्षण आहे ते विचारावे. इंग्लंडला भेटीवर जाणाऱ्यांना आणीबाणी विभागातला उपचार मोफत असतो हे खरे, पण दाखल झाल्यावर मोफत उपचाराचा हक्क नसलेल्या परदेशी पाहुण्यांना तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दराच्या दीडपट आकारणी होते, तेव्हा तिथेही विमा टाळू नये.

वडिलांच्या ‘अनाठायी खर्चा’विषयी वाद घालू नका. त्यांना अपशकुनाची भीती वाटत असेल किंवा आपल्यामुळे मुलांना भुर्दंड पडतो याचा संकोच वाटत असेल. दोन्हीवर तर्क चालत नाही. त्यांना अर्जाच्या कामात घ्या. औषधांची यादी त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि सही करण्याआधी जुन्या आजाराचे कलम त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. आयुष्यभर कागदपत्रे सांभाळलेल्या माणसाला अटी समजल्या की त्यांची गरजही समजते, असा माझा अनुभव आहे. आईची पॉलिसी मात्र वेगळी काढा. दोघांची एकत्र काढली तर वडिलांच्या आजाराने वापरलेली रक्कम आईच्या वाट्यातून जाऊ शकते, आणि आईला साधी, स्वस्त पॉलिसी सहज मिळण्याजोगी आहे. थायरॉइडचे तेवढे तिच्याही अर्जात लिहा.

आता क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांचे पत्र. मग दोन-तीन पॉलिसींचा संपूर्ण मजकूर मागवून स्थिरतेची मुदत, सत्तरीचा नियम आणि जुन्या आजाराच्या आणीबाणीची मर्यादा हे तीनच प्रश्न ईमेलने विचारा. ज्या कंपनीचे उत्तर मोघम येईल तिला यादीतून काढा. शेंगेनचा विमा व्हिसाच्या अर्जासोबतच द्यावा लागत असल्याने तो आधी काढावा लागेल. व्हिसा नाकारला गेल्यास किंवा तारखा बदलल्यास प्रीमियम परत मिळतो का आणि त्यातून किती कापतात, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या, कारण डोसच्या मुदतीपायी तुम्हाला तारखा पुढे न्याव्या लागण्याची शक्यता अजून शिल्लक आहे.